रंग्याची वाक्यं

रेडा बोलतो याचं प्रेमलाला कधी नवल वाटलं नाही. उभा जन्म नगरमध्ये काढलेल्या बाईने माईकसमोर उभे राहून बोलणारे रेडे काही कमी पाहिले नव्हते. तिचा राग होता तो या एका रेड्याच्या विनोदावर. ज्या मुलखात रेड्याने वेद म्हटल्याचं घरोघरी सांगतात, त्याच मुलखातल्या दुसऱ्या एका रेड्याला टीव्हीवाल्यांनी तोंड दिलं, आणि तो बोलला काय, तर "मास्तर, बाईसाहेबांनी आज लाटनं कुटं हानलं?" यावर अख्खा महाराष्ट्र पोट धरून हसला. हसला तर हसला, वर तीस वर्षांनी तेच पुन्हा लावून पुन्हा हसायला बसला.

मालिकेचं नाव होतं ‘मास्तर आणि रंग्या’. घरोघरी एकच चॅनेल दिसायचं त्या काळातली ही गोष्ट, त्यामुळे लोकांनी ती पाहिली यात मालिकेचं कर्तृत्व काही नाही, असं प्रेमलाचं ठाम मत होतं. दुसरं पाहणार काय होते? एका खेड्यातला साधाभोळा मास्तर, त्याच्या गोठ्यात रंग्या नावाचा रेडा, रेडा बोलतो पण फक्त मास्तरशी, दुसरं कुणी आलं की मुका. मग मास्तर वेडा ठरतो, बायको लाटणं घेऊन धावते, संपला भाग. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. लोकांना एकच भात रोज गरम करून वाढला तरी चालतो, फक्त वर फोडणी दिसली पाहिजे.

त्या मास्तरचं काम प्रेमलाच्या नवऱ्याने केलं होतं. शामकांत जिल्हा परिषदेत कारकून होता आणि हौशी नाटकांतून कामं करायचा. मुंबईहून आलेल्या दिग्दर्शकाने त्याला एका स्पर्धेत पाहिलं आणि उचललं. झालं, कारकुनाचा मास्तर झाला तो कायमचा. आयुष्यात कधी वर्गात खडू हाती न धरलेला हा माणूस सावेडीच्या भाजीबाजारात गेला की "या मास्तर, मेथी ताजी हाय" असं स्वागत व्हायचं. आणि जिने सारा जन्म नगरच्या पोरांना मराठीचं व्याकरण शिकवलं, ऱ्हस्व-दीर्घ सांगता सांगता जिचा घसा बसला, ती शेजारी पिशवी धरून उभी असायची. तिला सगळे "मास्तरांच्या मिसेस" म्हणायचे. जिल्ह्याचं नाव बदललं, बसच्या पाट्या बदलल्या, पण हे काही बदललं नाही.

शामकांतला त्याचा कधी संकोच वाटला नाही. कुणी ओळखलं की तो रेड्याच्या पाठीवर थाप मारल्यासारखा हवेत हात मारायचा आणि मान तिरकी करून म्हणायचा, "काय रंग्या, काय म्हणतोस?" समोरचा खूश. लग्नात, मुंजीत, तेराव्यालासुद्धा. प्रेमला दरवेळी दुसरीकडे बघायची. पुढे त्याला दुसरं काम कुणी दिलं नाही, कारण तो दिसला की लोक शेजारी रेडा शोधायचे. हे त्याला कधी कळलं नाही, की कळूनही त्याने हसण्यावारी नेलं, कोण जाणे.

गेल्या दसऱ्यानंतर त्याला झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागला. वाचा मात्र गेली. समोरच्याचं बोलणं कळायचं, चेहऱ्यावरून दिसायचं की कळतंय, पण तोंडातून एकच शब्द यायचा, "हां". भूक लागली का, हां. नको का, हां. मी कोण, ओळखता का, हां. जन्मभर ज्याची बडबड ऐकून प्रेमलाचं डोकं उठायचं, तो माणूस आता खिडकीशी खुर्चीत बसून राहायचा. घरातली ती शांतता तिला सहन होईना. त्याने एकदा तिला नावाने हाक मारावी, इतकंच तिला हवं होतं. "प्रेमला" म्हणावं. मागे "अगं, माझा चष्मा" जोडलं तरी चालेल. देवाजवळ तिने दुसरं काही मागितलं नाही, आणि हेसुद्धा मागितलं ते जरा चिडूनच.

देवश्री नावाची एक तरुण मुलगी आठवड्यातून दोनदा यायची, स्पीच थेरपिस्ट. गुणी पोर होती, पण बोलताना प्रत्येक वाक्यात "ॲक्च्युअली" घालायची, त्यामुळे प्रेमलाचा जीव वरखाली व्हायचा. देवश्रीने सांगितलं की माणूस विचार करून बोलतो ते मेंदूत एकीकडे असतं आणि पाठ केलेलं दुसरीकडे. बोलणं गेलेले लोक कधीकधी पाढे म्हणतात, आरत्या म्हणतात, शिव्या तर हमखास देतात. पाढ्यांच्या बाबतीत शामकांतची आधीच बोंब होती. आरतीला तो फक्त टाळ्या वाजवत आला होता. शिव्या देण्याइतका त्याचा कधी पिंडच नव्हता. मग देवश्रीने विचारलं, दुसरं काही पाठ होतं का काकांना?

नेमका तेव्हाच पुण्याहून मुलाचा, अनिमेषचा मेसेज आला होता. कुणीतरी ‘मास्तर आणि रंग्या’चे सगळे भाग साफसूफ करून यूट्यूबवर टाकले होते आणि लाखो लोक ते बघत होते. देवश्रीचे डोळे चमकले. तिची आजी म्हणे ही मालिका लागली की गॅस बंद करून येऊन बसायची. "काकू, ॲक्च्युअली हेच औषध आहे," ती म्हणाली.

"एवढी वर्षं हे खूळ पुरलं नाही का?" प्रेमला म्हणाली. "आता औषध म्हणूनही रेडाच?"

पण लावलं. नवऱ्यासाठी बाई काय काय करते, त्यात हे एक. रोज दुपारचं जेवण झालं की ती मोठा टीव्ही लावायची, शामकांतची खुर्ची समोर ओढायची आणि स्वतः बाजूला तांदूळ नाहीतर मेथी निवडत बसायची. नुसतं ते बघत बसणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

आणि काय ते बघायचं. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया, त्यांच्या नऊवारीला एक सुरकुती नाही आणि ओठांना लाली. सारवलेलं अंगण असं, की त्यावर कुणी कधी चाललंच नसावं. गावकरी म्हणून जे चारजण होते ते एका वेळी मान डोलवायचे. रेडा निवडणुकीला उभा राहतो, रेडा बाईसाहेबांचा शालू खातो, शाळा तपासणीला साहेब आले की रेडा बाकावर बसतो. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. ‘किती निर्मळ विनोद होता तेव्हा.’ निर्मळ. दर भागात बायको म्हणजे तोंडाळ, संशयी, बुद्धीने रेड्याहून कमी, आणि हे निर्मळ. ‘आमचं बालपण.’ असलं बालपण गेलं म्हणून यांची आजची ही अवस्था, असं प्रेमलाला वाटे. एकदा तर उत्तर लिहायला तिने मोबाईल हातात घेतला होता, पण समोरच्याने ‘बालपण’ हा शब्दही चुकीचा लिहिला होता. मग तिने नाद सोडला.

सगळ्यात जास्त डोक्यात जायची ती रेड्याची भाषा. शूटिंग झालं होतं पारनेर तालुक्यातल्या एका गावात. रेडा तिथल्याच बन्सी नावाच्या शेतकऱ्याचा, पैदाशीचा. तो बोलताना दिसायचा, कारण तो रवंथ करत असायचा, त्यात कला कसली नव्हती. पेंड खाऊन रेडा निवांत बसला, जबडा हलायला लागला, की कॅमेरा लावायचा. आवाज मागाहून मुंबईत कुणीतरी भरला. त्या कुणीतरी आयुष्यात नगर जिल्हा नकाशावरही पाहिला नसावा. नाकातून बोलायचं, दर दोन शब्दांनी ‘व्हय जी’ म्हणायचं आणि ‘ण’ दिसला की ‘न’ करायचा, म्हणजे झाली यांची गावरान बोली. पहिला भाग लागला तेव्हा बन्सी शेतातून थेट यांच्या घरी आला होता टीव्ही बघायला. बघून झाल्यावर तंबाखू मळत एवढंच म्हणाला, "माजा रेडा आसा बोलला आस्ता, तर म्या कवाच इकला आस्ता." त्या मालिकेवर झालेली ती एकमेव समंजस टीका, असं प्रेमला नेहमी म्हणायची.

शामकांत मात्र खूश असायचा. रंग्या दिसला की त्याचा अर्धा वाकडा चेहरा उजळायचा. हसायचा, मान हलवायचा. बोलायचा नाही. देवश्री येऊन विचारायची आणि प्रेमला सांगायची, काही नाही, नुसती करमणूक चाललीय.

अशात गोरक्ष आला. हा बन्सीचा मुलगा. बन्सी वारला, रेडा तर केव्हाच गेला, पण मालिका पुन्हा गाजायला लागली तसं गावाला आपल्या इतिहासाची जाग आली होती. गोरक्षने गावाच्या फाट्यावर रंग्याचा पुतळा बसवायचं ठरवलं होतं. फायबरचा, काळाभोर, शिंगांना सोनेरी रंग. शाळेची भिंत एका बाजूने कलली होती, तिला टेकू दिला होता, आणि पुतळ्याला मात्र लायटिंग होतं. मास्तरांच्या हस्ते अनावरण, मग मोठ्या पडद्यावर जुने भाग.

"काकू, तुमी फकस्त मास्तरला घिऊन या," गोरक्ष म्हणाला. "बोलायचं काय न्हाई. नुसता हात हालवायचा."

त्याच्या तोंडी ‘न्हाई’ प्रेमलाला कधी खटकलं नाही, कारण ते त्याचं स्वतःचं होतं. खटकलं ते हात हलवणं. बोलता येत नसलेल्या माणसाला फायबरच्या रेड्याशेजारी उभं करायचं आणि लोकांनी मोबाईल वर धरायचे. बघू, असं म्हणून तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. हे ‘बघू’ कोणत्या जातीचं होतं ते गोरक्षला कळलं नाही.

त्यानंतर दोनचार दिवसांनी दुपारी ती तांदूळ निवडत होती. टीव्हीवर शाळेचा भाग चालला होता. रंग्या जबडा हलवत नाकातून बोलला, "मास्तर, म्या काय आज शाळंत येनार न्हाई, जी." प्रेमलाने मान वर न करता, सवयीने, वर्गात बसल्यासारखं सुधारलं.

"‘येनार न्हाई’ नव्हे. ‘मास्तर, मी आज शाळेत येणार नाही.’"

"मग हजेरी कुणाची लावू? तुझ्या आज्याची?"

हे टीव्हीतून आलं नव्हतं. टीव्हीतला मास्तर अजून तोंड उघडत होता. आवाज खुर्चीतून आला होता, जरा घोगरा, पण शब्द न् शब्द सुटा, आणि ‘आज्याची’च्या आधी तो जुना अर्धा क्षण थांबून. या वाक्याइतका फालतू विनोद मराठी भाषेत दुसरा नाही असं प्रेमला गेली तीस वर्षं सांगत आली होती. तो ऐकून ती ताटात तोंड खुपसून रडली. तांदळाचे दाणे तिच्या गालाला चिकटले.

मग ती कामाला लागली. तिने भाग मागे नेला. रंग्या बोलला, शामकांत गप्प. पुन्हा मागे नेला, पुन्हा गप्प, नुसता हसला. तिसऱ्या वेळी तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतः म्हणाली, "मास्तर, मी आज शाळेत येणार नाही." लगेच उत्तर आलं, जसंच्या तसं.

आता तिच्या लक्षात आलं ते हे की शामकांत कधी रेड्याशी बोललाच नव्हता. शूटिंग झालं मे महिन्याच्या सुटीत. छोट्या अनिमेषला घेऊन तीही गेली होती त्या गावात, नवऱ्याच्या डब्याची सोय म्हणून. रेड्याची वाक्यं वाचून दाखवायला जो सहायक आणला होता तो उन्हाने आडवा पडला, तेव्हा दिग्दर्शकाने कागद प्रेमलाच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही वाचा, आवाज कुठं घ्यायचाय." ती रेड्याच्या मागे कडब्याच्या पेंढीवर बसायची आणि वाचायची. पण तिच्या तोंडून ‘न्हाई’ निघेना. जे तिचं नव्हतं ते तिला बोलता येत नव्हतं. प्रत्येक वाक्य ती मनातल्या मनात शुद्ध करून वाचायची. दिग्दर्शकाने दोनदा कपाळावर हात मारला आणि सोडून दिलं. म्हणजे तो अख्खा मे महिना शामकांतने रेड्याच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत, तिच्या शुद्ध मराठीला उत्तरं दिली होती.

यात एक प्रश्न होता, तो दर भागात यायचाच. "मास्तर, बाईसाहेब काय म्हणतात?" तोही तिलाच विचारावा लागायचा. मग मास्तर बायकोवर काहीतरी कोटी करायचा आणि कॅमेऱ्यामागची सगळी पोरं खिदळायची. शामकांत तिच्या डोळ्यांत बघून म्हणायचा, "तिला म्हणायला श्वास लागत नाही रे, उसना घेते माझ्याकडून." आणि ती पेंढीवर बसून पुढचं पान उलटायची. घरी आल्यावर तिने एकदा विषय काढला होता. तो म्हणाला, अगं, ते तुला थोडंच आहे, ते त्या बाईसाहेबांना. तो हसला, विषय संपला. तिच्या मनात मात्र तो संपला नाही, आणि तेव्हापासून त्या मालिकेचं नाव काढलं की ती उठून आत जायला लागली.

देवश्रीला हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीत उडालीच. म्हणाली, मालिकेतलीच वाक्यं कशाला, रंग्याच्या तोंडी नवी वाक्यं घाला, बघू या. प्रेमलाने घातली.

"मास्तर, चहा घेणार का?"

शामकांतने थोडा वेळ घेतला. भुवया गोळा झाल्या. "घेऊ की. तुला पेंड, मला चहा."

हे कुठल्याच भागात नव्हतं. हे त्याचं स्वतःचं होतं. तिथून गाडी चालू लागली. पाय दुखतो का, मास्तर? डावा नाही, उजवा. रात्री झोप लागली का, मास्तर? डास होते रे. रंग्याने विचारलं की तो सांगायचा, अडखळत, कधी भलताच शब्द घालून, पण सांगायचा. देवश्री टाळ्या वाजवायची. फक्त रंग्याने विचारायला हवं. प्रेमलाने विचारलं की उत्तर ठरलेलं. "अहो, चहा ठेवू का?" "हां." "अहो, मी कोण?" "हां." एकदा ती त्याच्यापुढे पाटावर बसली, त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "अहो, मी प्रेमला आहे. रंग्याबिंग्या कुणी नाही. मीच बोलते ते सगळं." त्याने तिच्याकडे इतक्या मायेने पाहिलं की तिला वाटलं, आलं नाव ओठांवर. "हां," तो म्हणाला.

देवश्रीने समजावलं, की काका तुम्हाला ओळखतात, शंकाच नको, शब्दांना फक्त तीच एक जुनी वाट सापडलीय. प्रेमलाला ते समजत होतं. समजून राग जातो असं थोडंच आहे? स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायला तिला शिंगं लावून बसावं लागत होतं. तो तिला ‘अरे’ म्हणायचा, ‘गाढवा’ म्हणायचा, एकदा लाडाने "शेण उचल आधी" म्हणाला. जिच्या नावाने शाळेत पोरं चळाचळा कापायची, ती बाई "बरं, मास्तर" म्हणून निमूटपणे त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती.

रविवारी अनिमेष पुण्याहून आला. बापाला बोलताना ऐकून तो आधी रडला आणि मग त्याने मोबाईल काढला. आजकालच्या पोरांचं दुःख असो की आनंद, दुसरी पायरी हीच. हे जगापुढे आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं पडलं. प्रेमलाने त्याच्या हातातून मोबाईल घेऊन फ्रिजवर ठेवला आणि त्याला कोथिंबीर आणायला पिटाळलं. तरी तो कुठेतरी बोललाच असणार, कारण दुसऱ्या दिवशी गोरक्षचा फोन आला. मास्तर बोलायला लागले, लई आनंदाची गोष्ट, मग आता नुसता हात कशाला हालवायचा? त्याने सगळा विचार केला होता. पुतळ्यामागं कापड लावायचं, कापडामागं खुर्ची ठेवायची, तिथून काकूंनी बोलायचं आणि पुढं मास्तरांनी उत्तरं द्यायची.

"म्हणजे मी पुतळ्याच्या मागं बसू?" प्रेमलाने विचारलं.

"व्हय काकू. काळजीच करू नका, कुनाला दिसनार न्हाई तुमी."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अनावरण मग कुणा पुढाऱ्याने केलं. पेपरात फोटो आला, पुतळा, पुढारी आणि गोरक्ष. प्रेमलाने तो नीट बघितला आणि त्यातला पुतळा बरा वाटतोय, असं तिने देवश्रीला सांगितलं. मग त्या पेपरवर तिने मेथीच्या काड्या टाकल्या.

शनिवारी दुरुस्तीसाठी लाईट नसायची. जेवणं उरकली, टीव्ही बंद, पंखा बंद. शामकांत खुर्चीत चुळबुळ करत होता, काळ्या पडद्याकडे बघत होता, मग तिच्याकडे. प्रेमला घाम पुसत समोर बसली. आज तांदूळ नव्हते, मेथी नव्हती, हात मोकळेच होते.

"मास्तर, आज लाईट नाही," ती म्हणाली.

"बरं झालं. डोळ्यांना आराम."

तिच्या मनात काय आलं कोण जाणे. कदाचित उकाड्याने असेल, कदाचित इतकी वर्षं आत साचलेलं असेल. तो प्रश्न तिने आजवर मुद्दाम टाळला होता, त्याची सगळी उत्तरं तिला पाठ होती आणि त्यातलं एकही तिला पुन्हा ऐकायचं नव्हतं. तरी विचारला. एकदा पूर्ण अपमान करून घ्यावा आणि मोकळं व्हावं, असंच काहीसं.

"मास्तर, बाईसाहेब काय म्हणतात?"

शामकांत हसला नाही. ती उसन्या श्वासाची वाट बघत होती. त्याने मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग बाल्कनीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ओठ दोनतीनदा जुळले आणि सुटले.

"प्रेमला कुठंय रे?"

नाव आलं. स्वच्छ, तिन्ही अक्षरं जागच्या जागी. ज्याच्यासाठी तिने देवाशी भांडण काढलं होतं ते नाव आलं, आणि ते तिच्याबद्दल दुसऱ्याच कुणाला विचारलेलं होतं. तिला खूप राग आला. मीच, मीच ती, इथं हातभर अंतरावर बसलेय, असं ओरडावंसं वाटलं. पण ते म्हटलं की उत्तर काय येणार, हेही तिला माहीत होतं.

"आत आहे," ती म्हणाली. "बोलावू का, मास्तर?"

तो विचारात पडला. खुर्चीच्या हातावर त्याचं बोट वरखाली होत होतं, शब्द शोधताना व्हायचं तसं. मग त्याने तिला जवळ यायची खूण केली आणि दाराकडे बघत आवाज खाली आणला.

"नको. तिला आपलं बोलणं आवडत नाही."

हे वाक्य कुठल्याच भागात नव्हतं. तीस वर्षं दुसरीकडे फिरवलेली मान, उठून आत जाणं, नाक मुरडणं, ते सगळं त्याने पाहिलं होतं, आणि कधी बोलला नव्हता. आज बोलला, तेही तिला चोरून. डोळे पुसायचे तर त्याला दिसलं असतं, आणि रेडे रडत नाहीत. तिने स्टूल पुढे ओढलं, त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.

"मग हळू बोलू," रंग्या म्हणाला.